पुढच्या रांगेतल्या वेड्यांची बाजू

शास्त्रीय संगीताच्या महोत्सवांचा हंगाम जवळ आला की आयोजकांच्या वर्तुळात एक तक्रार हमखास डोकं वर काढते. कलाकार चांगले मिळतात, ध्वनियोजना सुधारली, प्रायोजकही तयार आहेत. फक्त त्या नेहमीच्या चार-सहा विक्षिप्त मंडळींचं काहीतरी करायला हवं. म्हणजे कोणाचं? तर गवई समेवर यायच्या आधीच मान टाकून मोकळा होणाऱ्याचं. मांडीवर ताल धरता धरता शेजाऱ्याच्या मांडीपर्यंत पोहोचणाऱ्याचं. निवेदिकेनं रागाचं नाव चुकवलं की बसल्या जागेवरून ते दुरुस्त करणाऱ्याचं. मध्यंतरात थेट ग्रीनरूममध्ये शिरून ‘आज तंबोऱ्याची जवारी उघडली नव्हती’ असं कलाकाराला तोंडावर ऐकवणाऱ्याचं. आणि शेवटी अभंग सुरू झाला रे झाला की ‘संपलं गाणं’ असं पुटपुटत चपला शोधायला निघणाऱ्याचं.

तक्रारीमागचा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. जगभर मैफल शांतपणे ऐकतात. दाद द्यायची ती शेवटी, टाळ्यांनी. ही माणसं इतरांचा रसभंग करतात, ज्ञानाचा आव आणतात, नवख्यांना बिचकवतात आणि इतकं करून तिकीट सगळ्यांत स्वस्त काढतात, किंवा काढतच नाहीत. तेव्हा खुर्च्यांना क्रमांक द्या, सूचनांचे फलक लावा, स्वयंसेवक उभे करा, आणि हा प्रकार एकदाचा बंद करा.

या माणसांचे कैवारीही आहेत. त्यांचा सूर वेगळा असतो: ‘काय एकेक वल्ली होत्या हो! आता तसे राहिले नाहीत.’ हे प्रेम खरंही असेल. पण त्यात हा श्रोता म्हणजे मैफलीची शोभा, दिवाळी अंकाची दोन पानं भरणारा एक गमतीदार विषय, एवढाच उरतो.

माझं भांडण दोघांशीही आहे. ख्यालाच्या मैफलीतला हा माणूस उपद्रवी नाही आणि शोभेचाही नाही. ते गाणं ज्या रीतीनं घडतं त्या रीतीतच त्याचा वाटा आहे. त्याला हाकललंत तर मैफल शांत होईल हे खरं. पण ती शांतता गाण्याच्या मुळावर येईल.

‘जगभर शांतपणे ऐकतात’ या वाक्यापासूनच सुरुवात करू. कोणत्या जगात, आणि कधीपासून? १७७८ साली मोझार्टची एक सिंफनी पॅरिसमध्ये वाजली. तिच्या पहिल्याच भागात, वादन चालू असताना श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मोझार्टनं वडिलांना लिहिलेल्या पत्रात ही हकीकत आनंदानं सांगितली आहे. ती जागा लोकांना आवडणार हे त्याला आधीच ठाऊक होतं, म्हणून तीच जागा त्यानं पुढे पुन्हा योजली होती. श्वास रोखून, हालचाल न करता, शेवटची नोट विरेपर्यंत थांबण्याची पाश्चात्त्य रीत पक्की झाली ती एकोणिसाव्या शतकात. ती एका काळाची, एका वर्गाची आणि एका संगीताची रीत आहे. ते संगीत कागदावर लिहून पूर्ण झालेलं असतं, त्यामुळे श्रोत्यानं गप्प बसल्यानं त्यातला एकही स्वर बदलत नाही.

ही रीत आपल्याकडे आली, त्यालाही इतिहास आहे. पारशी गायन उत्तेजक मंडळी १८७० साली मुंबईत निघाली, पुणे गायन समाज १८७४ साली. पुढे विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि तिकीट लावून, वेळेवर सुरू होणारे जाहीर जलसे रुजवले. कोठीतलं आणि दरबारातलं गाणं मध्यमवर्गाच्या घरात न्यायचं होतं, त्यासाठी त्याला सभ्यतेचं प्रमाणपत्र हवं होतं. त्या पिढीचे उपकार मोठे आहेत. त्यांच्यामुळे दरबाराबाहेरच्या माणसाला गाणं ऐकायला मिळालं. पण त्यांची गरज ही आपली कायमची आचारसंहिता मानायचं कारण नाही.

ख्याल लिहून पूर्ण झालेला नसतो. गायक बंदिश घेऊन येतो, रागाची वाट ठाऊक असते, पण त्या दिवशी त्या वाटेनं कसं जायचं हे तो बसल्यावर ठरवतो. पुष्कळदा राग कोणता घ्यायचा हेसुद्धा तंबोरे लागल्यावर, समोर कोण बसलंय हे पाहून ठरतं. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा फार संथ लयीत घेतल्या तर एका आवर्तनाला मिनिटभर लागतं. त्या मिनिटात गायक एक विचार मांडतो, तो वाढवतो आणि मुखडा पकडून समेवर येतो. तो नीट आला का, याची पावती तिथल्या तिथे मिळते किंवा मिळत नाही. पुढचं आवर्तन त्या पावतीवर उभं राहतं.

ही पावती कोण देतो? पूरिया, मारवा आणि सोहनी हे तीन राग घ्या. तिघांचे स्वर तेच: रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. फरक सगळा स्वरांवर थांबण्यात आणि वावरण्याच्या जागेत. पूरिया गंधार-निषादाच्या आधारानं मंद्रात रमतो, मारवा रिषभ-धैवतावर उभा राहतो, सोहनी वरच्या अंगानं चमकते. पूरिया गाताना रिषभावर जरा जास्त रेंगाळलं की मारवा दारात येऊन उभा राहतो. सभागृहातल्या बहुतेकांना हे कळत नाही, आणि कळलंच पाहिजे असंही नाही. पण पुढे मांडी घालून बसलेल्या त्या विक्षिप्त गृहस्थाची भुवई वर जाते, आणि गायकाला ती दिसते. तो वाट सुधारतो. किंवा जास्त पोचलेला असेल तर मुद्दाम पुन्हा त्याच काठावर जातो, त्या भुवईला खिजवतो आणि ऐन वेळी गंधारावर येऊन तिला खाली आणतो. मग जो ‘हाय हाय’ निघतो त्याला तुम्ही रसभंग म्हणता. रस तिथेच तयार झालेला असतो.

कोल्हापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. खासबागेच्या मैदानात कुस्ती पाहणारा ‘ढाक लाव’, ‘आतली टांग घे’ म्हणून ओरडतो तेव्हा त्याला कोणी शिष्टाचार शिकवत नाही. लढणाऱ्यालाही ठाऊक असतं की कडेला बसलेल्यांना डाव कळतो आणि म्हणून डाव चोरून चालणार नाही. हे मैदान उभारणाऱ्या शाहू महाराजांच्याच दरबारात अल्लादियाखाँ गात होते, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

आता एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे: किशोरीताई आमोणकरांचं काय? त्यांना सभागृहातली हालचाल खपत नसे. त्या गाणं थांबवून श्रोत्यांना झापत, हे सगळ्यांना माहीत आहे. मोठ्यानं दिलेली दादही त्यांना फारशी मानवत नसणार. कबूल. पण त्या कोणावर चिडत? मधेच उठून जाणाऱ्यावर, कुजबुजणाऱ्यावर, लक्ष नसलेल्यावर. त्यांची मागणी अवधानाची होती. सांगा, सभागृहात सगळ्यांत जास्त अवधान कोणाचं असतं? ज्याच्याबद्दल तुमची तक्रार आहे, तो गाणं चालू असताना चहाला उठत नाही, फोन उचलत नाही, शेजारणीला लग्नाची बातमी सांगत नाही. त्याचा आवाज होतो तो गाण्याला उत्तर म्हणून.

रसभंगाचाच हिशेब मांडायचा तर सगळाच मांडू. दीपप्रज्वलन, प्रायोजकाचं मनोगत, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्ह, आभार आणि विशेष आभार यांत जो वेळ जातो तो कोणाच्या खात्यात? पुढच्या सोफ्यांवरचे पाहुणे पहिला ख्याल संपताना येतात आणि फोटो निघाला की जातात, त्यांची ये-जा कोणाच्या खात्यात? डोळ्यांसमोर शेकडो मोबाइलचे पडदे उजळतात, ते कोणाच्या खात्यात? यातलं काहीही बंद करायला आयोजक धजत नाहीत. मग शिस्तीचा बडगा निघतो तो ज्याच्यामागे कोणी नाही त्या म्हाताऱ्यावर. वर नव्या सभागृहात प्रेक्षागृह काळोखात ठेवतात आणि सगळा प्रकाश रंगमंचावर सोडतात. कलाकाराला समोर फक्त अंधार दिसतो. भुवई दिसायचा प्रश्नच संपला!

दुसरा आरोप: ही माणसं ज्ञानाचा आव आणतात. काही जण आणतात, नक्कीच. चुकीच्या जागी ‘क्या बात है’ म्हणणारे, शुद्ध कल्याणाला भूप ठरवून दोन तास हट्टानं बसणारे, प्रत्येक तरुण गायकाला ‘तुझ्या गुरूला ऐकलंय मी’ असं बजावणारे मीही पाहिले आहेत. पण सोंगं कोणत्या क्षेत्रात नसतात? पाहायचं ते हे, की या जमातीनं संगीताला काय दिलं.

अल्लादियाखाँचं एकही ध्वनिमुद्रण नाही. भास्करबुवा बखल्यांचंही नाही. महाराष्ट्रातल्या ख्यालगायकीचे हे दोन आधारस्तंभ, आणि दोघांचा आवाज आज कोणालाही ऐकता येत नाही. तरी ते काय होते हे आपल्याला कळतं, ते शिष्यांच्या गळ्यांमुळे आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणींमुळे. गोविंदराव टेंबे उत्तम पेटी वाजवत, संगीतही देत. पण ‘माझा संगीत व्यासंग’ लिहिणारे टेंबे आधी हाडाचे ऐकणारे आहेत. प्रो. बी. आर. देवधरांनी मुंबईत संगीताची शाळा चालवली, आणि तिच्याइतकंच मोठं काम म्हणजे गावोगावचे गवई गाठून त्यांना ऐकलं, बोलतं केलं आणि ‘थोर संगीतकार’ लिहिलं. वामनराव देशपांडे व्यवसायानं हिशेबतपासनीस. त्यांच्या ‘घरंदाज गायकी’नं स्वर आणि लय यांच्या प्रमाणावर घराण्यांची मांडणी केली, आणि आजही त्या मांडणीशी वाद घातल्याशिवाय घराण्यांवर लिहिता येत नाही. त्यांचे चिरंजीव सत्यशील देशपांडे स्वतः गायक; त्यांनीही ‘संवाद फाउंडेशन’ काढून जुन्या-नव्या गवयांचं गाणं आणि बोलणं जमवून ठेवलं.

आणखी मागे जा. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर, नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे बंधू. निवृत्तीनंतर या गृहस्थांनी ध्यास घेतला तो बावीस श्रुती मोजण्याचा. अब्दुल करीमखाँचं गाणं तपासून त्यांनी कंपनसंख्यांची गणितं मांडली आणि १९१० साली त्यावर पुस्तक छापलं. क्लेमंट्स नावाचा इंग्रज जिल्हा न्यायाधीश त्यांना सामील झाला आणि दोघांच्या खटपटीतून श्रुति-हार्मोनियम तयार झालं. १९१६ साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत त्यावर जोरदार वाद झाला. देवलांचं गणित कितपत टिकलं हा भाग वेगळा. पण उस्तादासमोर तारा आणि मोजपट्ट्या घेऊन बसलेला पेन्शनर डोळ्यांपुढे आणा आणि सांगा, तुमच्या स्वयंसेवकांनी त्याला आत सोडलं असतं का?

विष्णु नारायण भातखंडे पेशानं वकील. ते मैफलीचे गवई म्हणून कधी वावरले नाहीत. गावोगाव हिंडून, गवयांची मनधरणी करून, हजारो चिजा मिळवून त्यांनी त्या लिपीबद्ध केल्या. आज देशातल्या संगीत विद्यालयांचा अभ्यासक्रम त्या पायावर उभा आहे. घरंदाज गवयांच्या नजरेत हा माणूस सुरुवातीला काय असेल? न गाणारा, सारखा प्रश्न विचारणारा, वही घेऊन मागे लागणारा एक वकील. आपल्या संगीताच्या इतिहासातलं अर्धं शास्त्र अशाच चिवट माणसांनी लिहिलं आहे.

त्यांचे धाकटे भाऊबंद आजही आहेत. कोणी वर्षानुवर्षं वही ठेवतो: तारीख, राग, बंदिश, तबल्याला कोण, पेटीला कोण. कोणी शालीखाली टेपरेकॉर्डर लपवून मैफली टिपल्या. कलाकाराला न विचारता केलेलं हे मुद्रण चूक होतं, आणि त्याबद्दल कलाकारांनी राग धरला तर तो रास्तच होता. तरीही ऐन बहरातल्या कित्येक बैठकी आज ऐकता येतात त्या केवळ अशा खाजगी मुद्रणांमुळे. जुन्या तबकड्यांसाठी चोरबाजार धुंडाळणाऱ्यांनी १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था उभी केली. सरकारी यंत्रणेनं करायला हवं ते काम या मंडळींनी पदरमोड करून केलं.

तिसऱ्या आरोपाशी मात्र मला इतक्या सहज भांडता येत नाही. ही माणसं नवख्यांना, विशेषतः तरुणांना आणि बायकांना, बिचकवतात. हे खरं आहे, आणि ते नुसतं स्वभावाचं प्रकरण नाही. मैफलीत विक्षिप्त वागण्याची मुभा आपल्याकडे कोणाला होती, याची यादी करून पाहा. बहुतेक नावं पुरुषांची निघतील, आणि त्यांतलीही बहुतेक वरच्या जातींतल्या, पोटाची भ्रांत नसलेल्या पुरुषांची. एखादी बाई रात्री दोन वाजता एकटी पुढे बसून मान डोलावत ‘जियो’ म्हणाली असती तर तिला कोणी रसिक म्हटलं नसतं. भलतंच काही म्हटलं असतं. रात्र रात्र चालणाऱ्या बैठकीला नवरा जाऊ शकत होता, कारण सकाळी मुलांचा डबा करायला घरी कोणीतरी होतं. गाणाऱ्या बाया आणि ऐकणारे बुवे अशी ही वाटणी किती काळ चालली! केसरबाई केरकरांच्या करारी वागण्याच्या गोष्टी आपण हसत हसत सांगतो. पण बिदागी, बैठकीची मांडणी आणि श्रोत्यांची वागणूक या सगळ्यांत आपलाच शब्द चालवणं, हा त्या बाईनं पुरुषांनी भरलेल्या दिवाणखान्याकडून वसूल केलेला हिशेब होता.

म्हणून या मुद्द्यावर टीकाकारांशी माझं अर्धं मत जुळतं. तरुण मुलीला ‘तुला काय कळतंय’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला आयोजकानं जरूर समज द्यावी. मतभेद आहे तो उपायाबद्दल. वेड्यासारखं ऐकण्याची मुभा मूठभरांना होती, म्हणून ती सगळ्यांची काढून घ्यायची, हा कुठला न्याय? ती सगळ्यांना द्या. आज सतरंजीवर बसून हातावर मात्रा मोजणाऱ्या मुली दिसतात. मध्यंतरात बंदिशीच्या बोलांवरून हमरीतुमरीवर येणारी कॉलेजची पोरं दिसतात. त्यांना शिस्तीचा फलक दाखवून गप्प बसवलंत, तर उद्याचे वामनराव आणि उद्याच्या वामनराव जन्मायच्या आधीच संपतील.

चौथा आरोप पैशाचा. ही माणसं फुकटी, मैफल चालते ती प्रायोजकांवर आणि महागड्या खुर्च्यांवर. हिशेबाच्या वहीपुरतं हे खरं असेल. पण प्रायोजक पैसे कशासाठी देतो? महोत्सवाच्या नावासाठी. आणि ते नाव कोणी कमावलं? आर्य संगीत प्रसारक मंडळानं १९५३ साली सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू केला. भीमसेन जोशींनी गुरूसाठी तो आयुष्यभर सांभाळला. त्याचा दबदबा झाला तो ‘पुण्यात गाणं जमलं तर खरं’ या धास्तीमुळे. ही धास्ती खुर्च्यांनी निर्माण केली नाही. ती केली सतरंजीवर रात्रभर बसणाऱ्यांनी, डबा आणि पांघरूण घेऊन दुपारपासून जागा धरणाऱ्यांनी. त्यांनी उभ्या केलेल्या पतीवर आज खुर्च्यांचे दर ठरतात आणि वर त्यांनाच फुकटे म्हणायचं, हा उफराटा न्याय झाला.

आता कैवाऱ्यांकडे वळतो. पु. ल. देशपांड्यांनी बेळगावच्या कृष्णराव हरिहरांचं ‘रावसाहेब’ हे व्यक्तिचित्र लिहिलं आणि गाण्यासाठी जीव टाकणारा, शिव्यांनी दाद देणारा माणूस मराठी वाचकाच्या घरात आणून बसवला. ते लेखन मोठंच आहे, कारण पुलंना स्वतःला गाणं कळत होतं आणि रावसाहेबांच्या शिवीमागचा कान त्यांनी ओळखला होता. नंतरच्या अनुकरणांत कान गेला आणि शिवी तेवढी राहिली. मग अशा माणसाचं मळकं धोतर, तपकिरीची डबी, विचित्र हातवारे आणि दोन विनोदी वाक्यं, इतक्यात लेख संपतो. तो कोणता राग ऐकून रडला, कोणत्या गवयाशी कोणत्या स्वरासाठी भांडला आणि त्याचं बरोबर होतं की नाही, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. तक्रारखोर निदान त्याला दखलपात्र शत्रू तरी मानतात. कैवारी त्याला हार घालतात, आणि हार घातला की माणसाचं म्हणणं ऐकावं लागत नाही.

याच सुरात ‘आता तशी माणसंच राहिली नाहीत’ असा उसासा येतो. जणू ती आकाशातून पडत होती आणि आता पाऊस थांबला! अशी माणसं तयार होत होती ती ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक कारणांनी. गिरगावातल्या लक्ष्मीबागेत, ट्रिनिटी क्लबात चालत जाता येईल अशा अंतरावर चाळी होत्या. गिरगावात आणि पुण्याच्या पेठांत गणेशोत्सवात बडे बडे गवई रस्त्यावरच्या मांडवात गात, आणि समोर बसायला तिकीट नव्हतं. कारकून, छापखान्यातला जुळारी, गिरणीतला कामगार यांचा कान त्या मांडवात घडला. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गवई हजेरी लावतात, बिदागी न घेता. त्याच आवारात अब्दुल करीमखाँची कबर आहे. तिथे ऐकायला येतात त्यांत तंबोरे आणि सतारी बनवणारे कारागीर असतात. ज्यानं भोपळा निवडला, घोडी घासली, जवारी काढली, त्याच्यासमोर सूर लावायचा आहे हे गाणाऱ्याला माहीत असतं. याहून कठोर परीक्षक कोणत्या अकादमीकडे आहे?

यातलं काय राहिलं ते पाहा. गणपतीच्या मांडवात ध्वनिवर्धकांच्या भिंती आल्या. चाळी पाडून मनोरे उभे राहिले आणि जुना श्रोता डोंबिवली-विरारच्या पलीकडे गेला; रात्री शेवटची लोकल चुकली तर तो घरी कसा जाणार? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे ध्वनिवर्धक बंद झाले. वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंतची सवलत मिळते, पण मैदानातलं रात्रभराचं गाणं संपलं. हा नियम रद्द करा असं मी म्हणणार नाही. झोप हा शेजाऱ्याचा हक्क आहे, आणि ज्यांनी मांडवांचा धुमाकूळ सोसला त्यांना तो मिळालाच पाहिजे. पण मालकंस, दरबारी यांसारखे रात्रीचे राग त्यामुळे घाईत उरकले जातात आणि उत्तररात्रीचे तर जाहीर मैफलीतून हद्दपारच होतात, हेही मान्य करा. सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेचं मैदान सोडून मुकुंदनगरला गेला. कारणं व्यवहाराची असतील. पण पेठेतून पायी येणारा एक आख्खा थर त्यामुळे दुरावला. तेव्हा माणसं ‘राहिली नाहीत’ असं म्हणू नका. त्यांना बसायला जागा, जागायला रात्र आणि यायला रस्ता ठेवला नाही, असं म्हणा.

एवढं सगळं म्हटल्यावर काय करावं, हेही सांगायला हवं. पुढची जागा सोफ्यांना आणि पाहुण्यांना देणं थांबवा. रंगमंचासमोर भारतीय बैठक ठेवा, आणि तिचं तिकीट मैफलीतलं सगळ्यांत स्वस्त तिकीट असू द्या. प्रेक्षागृहातले दिवे मंद करा, पण विझवू नका. गाणाऱ्याला माणसं दिसू द्यात. सत्कार-समारंभ गाण्याच्या आधी किंवा वेगळ्या दिवशी उरका. दोनशे माणसांच्या, ध्वनिवर्धकाशिवाय चालणाऱ्या बैठकी पुन्हा सुरू करा; तिथे दहाचा नियम आड येत नाही आणि रात्रीचे रागही परत येतात. ज्याच्या घरी चाळीस वर्षांच्या वह्या आहेत त्याच्याकडे जा, त्या वह्यांची छायाचित्रं घ्या, त्याच्याकडून दोन तास आठवणी ध्वनिमुद्रित करा. त्यासाठी प्रायोजकाच्या एका फलकाइतकाही खर्च येणार नाही. आणि स्वयंसेवकांना फरक शिकवा: बोलणारा वेगळा आणि दाद देणारा वेगळा.

यावर आयोजक म्हणतील की हे सगळं करूनही तो गृहस्थ समेच्या आधी मान टाकणारच, निवेदिकेला टोकणारच, ग्रीनरूममध्ये शिरणारच. शिरू दे. गवयाला त्याचं ऐकायचं नसेल तर त्याला बाहेर घालवायला तो समर्थ आहे. आपल्या बुजुर्गांनी हे काम फार बहारीनं केलेलं आहे. कलावंताला न सोसणारा श्रोता आणि आयोजकाला न सोसणारा श्रोता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचा निकाल रंगमंचावर लागतो. दुसऱ्याचा निकाल हल्ली बैठकीच्या इतिवृत्तात लागतो, आणि माझा विरोध त्याला आहे.

गाणारे घडवायला आपण विद्यालयं काढली, शिष्यवृत्त्या दिल्या, स्पर्धा भरवल्या, गुरुकुलं बांधली. ऐकणारा घडवण्याकडे मात्र तितकं लक्ष दिलं नाही. तो मांडवात, दर्ग्यात, चाळीच्या गॅलरीत आणि सतरंजीवर आपला आपण घडला, आणि त्याचा खर्च त्यानं स्वतःच सोसला. आता तुम्ही त्याला घालवायला निघाला असाल तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. उद्या तुमच्या वातानुकूलित सभागृहात, क्रमांकित खुर्च्यांसमोर एखादा तयार गवई पूरिया गायला बसला आणि त्याचा रिषभ मारव्याकडे झुकला, तर ते त्याला कोण सांगणार?